काळ्या मातीचे फुगणे आणि कणांचे आकारमान

बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांतील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. या गुणावर तेथील शाळू आणि तूर पोसली जाते. याच गुणामुळे तेथील घरांच्या भिंती तडकतात, फरशा उचलल्या जातात आणि रस्त्यांना लाटा येतात. या फुगण्याचे मूळ मातीतील अतिसूक्ष्म, थरांनी बनलेल्या स्फटिकांत आहे. पाणी आत शिरले की हे स्फटिक उघडतात, पाणी निघून गेले की मिटतात.

पाहुणा रेणू आला की दार उघडणारे अशा धाटणीचे स्फटिक रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या तीन दशकांत प्रयोगशाळेतही बांधले आहेत. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून तयार होणाऱ्या या सच्छिद्र रचनांना 'धातू-सेंद्रिय चौकटी' किंवा संक्षेपाने 'मॉफ' म्हणतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. शेतातील माती आणि प्रयोगशाळेतील चौकट या दोहोंबाबत एक प्रश्न समान आहे: कण लहान झाला, तर त्याची उघडण्या-मिटण्याची क्षमता वाढते की घटते? दोन्हीकडची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत आणि त्या विरोधाचे कारण समजून घेणे शेतकऱ्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या उपयोगाचे आहे.

एकच खडक, दोन प्रकारची माती

बिदर जिल्ह्याचा बहुतांश भाग आणि कलबुर्गीचा उत्तरेकडील भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांपासून हा काळा खडक तयार झाला. कलबुर्गीच्या दक्षिणेस, भीमेच्या खोऱ्यात, त्याहून पुष्कळ जुने चुनखडीचे थर उघडे पडतात. 'शहाबादी फरशी' या नावाने महाराष्ट्रातील घराघरांत पोचलेला दगड याच थरांतला.

बिदर शहर आणि तेथील बहामनी किल्ला मात्र जांभ्याच्या पठारावर आहे. गोव्यातील वाचकांना हा दगड 'चिरा' म्हणून परिचित आहे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगडीपुरम येथील अशा दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. जमिनीतून काढताना मऊ असणारा आणि हवा लागल्यावर कठीण होणारा हा दगड विटेसारखा कापता येतो, यावरून ते नाव पडले. बिदरचा जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते. तेथील मध्ययुगीन 'करेझ', म्हणजे भूमिगत जलबोगद्यांची व्यवस्था, या गुणाचा उपयोग करून घेते.

जांभा आणि काळी माती ही दोन्ही या प्रदेशात बेसाल्टचीच लेकरे आहेत. भरपूर पावसात खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका वाहून जातात. मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट नावाचे मृद्खनिज उरते. हा जांभ्याचा मार्ग होय. कमी पावसाच्या, पाण्याचा निचरा मंद असलेल्या सखल भागात ही द्रव्ये मातीतच राहतात आणि त्यांपासून स्मेक्टाइट गटातील खनिजे बनतात. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यांतील प्रसिद्ध खनिज. फ्रान्समधील मॉन्टमोरिलाँ या गावावरून त्याचे नाव पडले. हा काळ्या मातीचा मार्ग होय. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर कलबुर्गीत त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. दोन प्रदेशांच्या मातीतील फरकाची बरीचशी उकल या आकड्यांतच होते. बिदरचे पठार मात्र आजच्या हवामानात घडलेले नाही. प्राचीन काळातील अधिक आर्द्र हवामानाची ती खूण मानली जाते.

काळ्या मातीला तेलुगूत 'रेगड', कन्नडमध्ये 'एरे' आणि शास्त्रीय लेखनात 'रेगूर' म्हणतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची गणना 'व्हर्टिसॉल' या गटात होते. 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेले हे नाव समर्पक आहे. उन्हाळ्यातील भेगांत वरची माती घरंगळून पडते. पावसाळ्यात खालची माती फुगू लागली की तिला जागा अपुरी पडते आणि मातीचे थर एकमेकांवर घासत सरकतात. खोल खड्डा घेतला, तर या घर्षणाने गुळगुळीत झालेले तिरके पृष्ठ डोळ्यांना दिसतात. जमीन स्वतःलाच नांगरते, असे काळ्या रानाविषयी म्हटले जाते ते यामुळे.

कण किती सूक्ष्म?

मृदाशास्त्रात खनिज कणांची वर्गवारी आकारमानावरून होते. २ मिलिमीटरपर्यंतचे जाड कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक तो पोयटा आणि २ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा, लहान कण म्हणजे चिकणमाती. एखादी माती व्हर्टिसॉल ठरण्यासाठी तिच्यात किमान ३० टक्के चिकणकण असावे लागतात. दख्खनच्या खोल काळ्या जमिनींत हे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. दख्खनच्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट मुख्यतः ०.२ मायक्रोमीटरपेक्षाही बारीक कणांत एकवटलेले आढळते. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या या अंशातच फुगण्याचे बळ साठलेले आहे.

आकारमान घटल्याने काय साधते, हे साध्या हिशेबाने कळते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मायक्रोमीटर बाजूचे घन केले, तर पृष्ठफळ ६ चौरस मीटर होते, म्हणजे दहा हजार पट. त्याच घनाचे एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटे केले, तर दोन्ही बाजू धरून सुमारे २,००० चौरस मीटर पृष्ठफळ मिळते. मातीच्या खनिजाची घनता लक्षात घेता हे माप ग्रॅममागे सुमारे ७५० चौरस मीटर पडते. स्मेक्टाइटचे प्रत्यक्ष मोजलेले पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटरांच्या घरात आहे. केओलिनाइटचे ग्रॅममागे १० ते २० चौरस मीटरच भरते. स्मेक्टाइट आपले आतले पापुद्रे पाण्यासाठी खुले करते आणि केओलिनाइट करत नाही, असा या तफावतीचा अर्थ आहे.

पापुद्र्यांमधील पाणी

स्मेक्टाइटचा प्रत्येक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा असतो. त्याच्या मधल्या भागात ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम किंवा कडेच्या भागात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेले असते. या अदलाबदलीमुळे पापुद्र्यावर ऋण विद्युत्भार येतो आणि तो समतोल करण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांसारखे धन आयन येऊन राहतात. पाणी या आयनांकडे ओढले जाते व पापुद्रे दूर सारते.

हे दूर सरणे टप्प्याटप्प्याने होते. पूर्ण कोरड्या अवस्थेत एका पापुद्र्यापासून पुढच्या पापुद्र्यापर्यंतचे अंतर सुमारे १ नॅनोमीटर असते. पाण्याचा एक थर शिरला की ते १.२५, दोन थर शिरले की १.५ आणि तीन थर शिरले की १.९ नॅनोमीटरच्या आसपास जाते. स्फटिकाचे माप जवळजवळ दुप्पट होते आणि तरीही पापुद्र्याच्या आतील एकही बंध तुटत नाही.

पुढचा मार्ग मधल्या आयनावर अवलंबून असतो. कॅल्शियम असेल, तर फुगणे सुमारे १.९ नॅनोमीटरवर थांबते. दोन धनभारांचा हा आयन शेजारच्या पापुद्र्यांना बांधून ठेवतो. सोडियम असेल, तर पापुद्रे दूर दूर जात अखेर सुटे होतात आणि माती पाण्यात विरघळल्यागत पसरते. चुनखडीच्या सान्निध्यातील मातीत कॅल्शियमचे प्राबल्य असते, ही या प्रदेशाची जमेची बाजू आहे. उलट, निचऱ्याची सोय नसलेल्या ओलिताच्या जमिनीत क्षार साचून सोडियम वाढले, तर सूक्ष्म कण सुटे होऊन मातीची छिद्रे बुजतात. पाणी मुरत नाही, वाफसा लवकर येत नाही आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात.

केओलिनाइटच्या पापुद्र्यांत विद्युत्भार नगण्य असतो आणि शेजारचे पापुद्रे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे केओलिनाइट कितीही बारीक कुटले, तरी ते स्मेक्टाइटसारखे फुगणार नाही. कण सूक्ष्म असणे पुरेसे नाही. त्याच्या बांधणीत दार असावे लागते. दार असेल, तर कण जितका लहान तितक्या त्याच्या कडा अधिक, पाण्याची वाट आखूड आणि प्रतिसाद जलद.

प्रयोगशाळेत बांधलेल्या चौकटी

मातीतील खनिजांची रचना निसर्गाने ठरवलेली असते. मॉफची रचना रसायनशास्त्रज्ञ ठरवतो. धातूचे आयन किंवा त्यांचे लहान समूह हे त्यातील सांधे, सेंद्रिय रेणू हे त्यांना जोडणारे वासे आणि मधली मोकळी जागा म्हणजे खोल्या. ऑस्ट्रेलियातील रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये अशी बांधणी करून दाखवली. जपानच्या सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये या खोल्यांतून वायू ये-जा करू शकतात, हे सिद्ध केले. अमेरिकेत ओमर याघी यांनी अत्यंत टिकाऊ चौकटी घडवल्या व त्यांची रचना हवी तशी बदलण्याची पद्धत रूढ केली. नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

सर्व मॉफ लवचीक नसतात. ज्या असतात, त्यांचे वर्तन काळ्या मातीची आठवण करून देते. फ्रान्समध्ये जेरार फेरे यांच्या गटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली 'एमआयएल-५३' ही चौकट जणू श्वास घेते. मात्र पाण्याशी तिचे नाते मातीच्या उलट आहे: सामान्य तापमानाला पाण्याचे रेणू आत असताना तिच्या खोल्या आक्रसतात आणि तापवून पाणी घालवले की त्या रुंदावतात. त्याच गटातील 'एमआयएल-८८' कुळातील काही चौकटी द्रव शोषताना मूळ घनफळाच्या दुपटीहून अधिक फुगतात.

काही चौकटी कोरड्या अवस्थेत मिटलेल्या असतात. आजूबाजूच्या वायूचा दाब ठराविक मर्यादेपर्यंत वाढेपर्यंत त्या काहीही शोषत नाहीत. ती मर्यादा ओलांडताच झटक्यात उघडतात आणि वायू भरून घेतात. या वर्तनाला 'द्वार उघडणे' म्हणतात. वेगवेगळ्या वायूंसाठी हे दार वेगवेगळ्या दाबाला उघडत असल्याने मिश्रणातून एकच वायू वेगळा काढण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. दाब थोडा कमी केला की शोषलेला वायू बाहेर पडतो, त्यामुळे ऊर्जाही कमी लागते.

लहान झाले की स्वभाव बदलतो

चौकट कोणत्या धातूची आणि कोणत्या रेणूची, एवढे सांगितले की तिचे वर्तन निश्चित झाले, असा समज प्रारंभी होता. स्फटिकांचे आकारमान बदलून केलेल्या प्रयोगांनी तो डळमळीत केला.

क्योटो येथे कितागावा यांच्या गटाने २०१३ मध्ये तांब्याच्या एका लवचीक चौकटीचे स्फटिक मुद्दाम लहान करून पाहिले. मोठे स्फटिक पाहुणा रेणू निघून गेल्यावर पुन्हा मिटत. तेच स्फटिक काही दहा नॅनोमीटरपर्यंत लहान केले, तेव्हा पाहुणा गेल्यावरही ते उघडे राहिले. तापवल्यावर ते मूळच्या मिटलेल्या अवस्थेत परतले. द्रव्य तेच होते. केवळ माप घटल्याने त्याला आकाराची 'स्मृती' लाभली.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे स्टेफान कास्केल यांच्या गटाने अभ्यासलेली निकेलची 'डीयूटी-८' ही चौकट आणखी स्पष्ट उदाहरण ठरली. तिचे एक मायक्रोमीटरपेक्षा मोठे स्फटिक द्रव काढून घेतल्यावर मिटतात आणि योग्य दाबाला पुन्हा उघडतात. अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा लहान स्फटिक मात्र उघड्या अवस्थेतच ताठर राहतात. त्यांची लवचीकता संपल्यासारखी होते. याच गटाची 'डीयूटी-४९' ही चौकट दाब वाढत असताना अचानक आक्रसून शोषलेला वायू बाहेर टाकते. तिचे स्फटिक काही मायक्रोमीटरपासून २०० नॅनोमीटरच्या खाली आणले, तेव्हा एका मर्यादेनंतर नायट्रोजनला ती असा प्रतिसाद देईनाशी झाली. ब्युटेनला मात्र तिचे सर्वांत लहान स्फटिकही प्रतिसाद देत राहिले, पण क्षीणपणे. जस्ताच्या 'झिफ-८' या चौकटीतही स्फटिक लहान होत जातात तसे दार उघडण्यासाठी अधिक दाब लागतो.

यामागे मुख्यतः दोन कारणे सांगितली जातात. पहिले कारण पृष्ठभागाचा वाटा. स्फटिकाच्या कडेची दोन नॅनोमीटरची साल आतल्या भागापेक्षा वेगळी वागते असे धरले, तर एक मायक्रोमीटर बाजूच्या घनात ही साल एकूण घनफळाच्या सुमारे १.२ टक्के भरते. शंभर नॅनोमीटरच्या घनात ती ११.५ टक्के होते आणि वीस नॅनोमीटरच्या घनात जवळजवळ ४९ टक्के. निम्मा स्फटिकच साल झाला, तर मिटणे आणि उघडणे यांतील ऊर्जेचा हिशेब बदलणे स्वाभाविक आहे. दुसरे कारण बदलाच्या आरंभाचे. मोठ्या स्फटिकात बदल एखाद्या अनुकूल जागी, बहुधा एखाद्या दोषाशी, सुरू होतो आणि तेथून सर्वत्र पसरतो. लहान स्फटिकात अशी जागा सापडण्याची शक्यता कमी असते. एका मोठ्या स्फटिकाऐवजी लाखो लहान स्फटिक असले, तर त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्रपणे आरंभ करावा लागतो.

विरोध का?

मातीत कण लहान झाल्याने फुगण्याचे बळ वाढते. लवचीक मॉफमध्ये ते बहुधा मंदावते. हा विरोध बांधणीतून आलेला आहे. स्मेक्टाइट ही पापुद्र्यांची चवड आहे. शेजारचे दोन पापुद्रे रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात, त्यामुळे वरचा पापुद्रा खालच्या दहाव्या पापुद्र्याची वाट न पाहता दूर सरकू शकतो. लवचीक मॉफ बहुधा सलग जाळे असते. त्यातील एक खोली रुंदावायची, तर शेजारच्या खोल्यांनाही आपले कोन बदलावे लागतात. अशा रचनेत बदल सामुदायिक असतो, आणि समुदाय किती मोठा यावर तो केव्हा व कसा होईल हे अवलंबून राहते. 'बारीक केले की अधिक शोषेल' हा नियम म्हणूनच सर्वत्र लावता येत नाही. कणाचे माप सांगताना त्याच्या आतील बांधणीही सांगावी लागते.

घर, रस्ता आणि शेत

बिदर-कलबुर्गीच्या खेड्यांत या ज्ञानाची किंमत भिंतींवरील तड्यांत मोजली जाते. फुगणाऱ्या मातीला मोकळी जागा मिळाली, तर ती वर येते. जागा नाकारली, तर दाब देते. अतिशय फुगणाऱ्या मातीत हा दाब चौरस मीटरमागे काही दहा टनांपर्यंत पोचू शकतो. एकमजली घराचा भार त्याला पुरा पडत नाही, म्हणून या मातीत बहुधा अवजड इमारतींपेक्षा हलकी बांधकामे अधिक तडकतात. शिवाय घराखालची माती कोरडी राहते आणि भोवतालची भिजते, त्यामुळे उचल सर्वत्र सारखी नसते.

जुन्या मराठी महसुली भाषेत गावठाणाला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणत. वस्ती पांढरीत आणि पीक काळीत, अशी ही विभागणी होती. मराठवाडा आणि सीमाभागातील धाब्याच्या घरांवरही पांढरी मातीच घातली जाई. आज गावठाणे अपुरी पडून घरे काळ्या रानात सरकली आहेत आणि मातीच्या लवचीक भिंतींच्या जागी ताठर विटा व काँक्रीट आले आहे. तड्यांची संख्या वाढण्यामागे हे दुहेरी कारण आहे.

माती किती फुगते हे तपासण्याची भारतीय मानक पद्धत साधी आहे. ४२५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाकतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनंतर दोन्हींतील मातीचे घनफळ पाहतात. रॉकेलचे रेणू पापुद्र्यांमधील आयनांकडे ओढले जात नसल्याने तेथे माती फुगत नाही. दोहोंतील फरकाची टक्केवारी म्हणजे मातीचा 'मुक्त फुगवटा निर्देशांक'. केवळ चिकणकणांचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीतून हे कळत नाही, कारण केओलिनाइटचे कणही चिकणकणच असतात. घर बांधण्यापूर्वी माती तपासून घेणाऱ्याने या निर्देशांकाची विचारणा अवश्य करावी.

उपायही मूळ कारणाला धरूनच योजले गेले आहेत. मातीत वजनाच्या ३ ते ८ टक्के चुना मिसळला की चुन्यातील कॅल्शियम पापुद्र्यांमधील सोडियमची जागा घेते आणि सुटे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके होतात. कणांचे परिणामी आकारमान वाढते, चिकटपणा घटतो, फुगणे आवरते. पुढे चुना व मातीतील सिलिका यांच्या मंद अभिक्रियेने ती मजबूतही होते. चुनखडीने समृद्ध प्रदेशात हा उपाय विशेष सोयीचा आहे. आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर देण्याची पद्धत विकसित केली. कालव्यांच्या अस्तरीकरणाखाली तिचा वापर झाला. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खांब रूढ केले. सुमारे ३.५ मीटर खोलीवर, जेथे ऋतुमानाप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही, तेथे हा कंद रुतून बसतो आणि घर वरच्या मातीच्या हालचालीपासून अलग राहते.

शेतकऱ्यासाठी हाच गुण वरदान आहे. पावसाळ्यात पापुद्र्यांत व सूक्ष्म छिद्रांत साठलेल्या ओलीवर रब्बीचा शाळू आणि हरभरा पावसाविना वाढतो. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तेथील कॅल्शियमयुक्त मातीशी जोडले गेले आहे. मात्र माती एकदा फुगून भेगा मिटल्या की वरून पडणारे पाणी आत जात नाही, साचते किंवा माती घेऊन वाहून जाते. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने यासाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत सुचवली. पीक वरंब्यावर राहते, जादा पाणी सरीतून संथपणे निघते.

चिमणीपाशी

मॉफच्या संशोधनाचा या प्रदेशाशी आणखी एका बाजूने संबंध येऊ शकतो. कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी, सेडम आणि राष्ट्रकूटांची राजधानी असलेले मळखेड ही आज सिमेंटची केंद्रे आहेत. भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. इंधन बदलले, तरी हा वायू टळत नाही; तो चिमणीपाशीच पकडावा लागतो.

जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलेट यांपासून बनलेली 'कॅल्फ-२०' ही चौकट त्या कामासाठी पुढे आली आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे जॉर्ज शिमिझू यांच्या नेतृत्वाखालील, २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या कामात पुण्याच्या आयसर संस्थेतील रामनाथन वैद्यनाथन यांचा सहभाग होता. धुरात बाष्प असतानाही ती कार्बन डायऑक्साइड शोषते, हे तिचे वैशिष्ट्य. कॅनडातील एका सिमेंट कारखान्याच्या धुरावर तिची चाचणी झाली आहे.

कारखान्यात मात्र कोणतीही चौकट भुकटीच्या रूपात वापरता येत नाही. बारीक भुकटीतून धूर पुढे सरकत नाही. भुकटीला बंधक द्रव्य घालून गोळ्या किंवा पातळ पत्रे करावे लागतात. लवचीक चौकटींच्या बाबतीत येथे काळ्या मातीचाच धडा पुन्हा समोर येतो. गोळीच्या घट्ट चौकटीत स्फटिकाला फुगायला जागा उरली नाही, तर दार एका झटक्यात न उघडता रेंगाळत, अधिकाधिक दाबाला उघडते आणि द्वार उघडण्याचा मुख्य लाभच कमी होतो. म्हणून गोळी बनवताना आत मोकळी जागा राखण्याची काळजी घेतली जाते.

प्रयोगशाळेतील ग्रॅमभर नमुन्याचे वर्तन कारखान्यातील टनभर मालात उतरेल की नाही, हे स्फटिकांचे माप आणि त्यांच्याभोवतीची जागा यांवर बरेचसे ठरते. त्यामुळे लवचीक चौकटीविषयीच्या दाव्यासोबत स्फटिकांचे आकारमान नमूद असणे, हे मातीच्या अहवालात मुक्त फुगवटा निर्देशांक असण्याइतकेच आवश्यक आहे.